चिझुरूसाठी सोडलेली साके

१ डिसेंबर, सोमवार. दुकान बंद.
आजपासून साके बंद. दारूचं नावच नको, साफ बंद! देवळात जाऊन लाकडी पाटीवर स्वतःच्या हाताने लिहून टांगली: ‘मुलगी चिझुरू पशुवैद्यक कॉलेजला लागेपर्यंत थेंबालाही शिवणार नाही. शपथ मोडली तर नवस फुकट जावा.’ शेवटचं वाक्य माझ्या मनाचं. देवालाही कळू दे, माणूस सीरियस आहे.
बायकोला, हिसाएला सांगितलं. कौतुक राहिलं बाजूला, म्हणाली, रविवारपर्यंत ना? चिझुरू नुसती बघत राहिली. भारावली असणार. मग सायकल काढून कुठेशी गेली.

६ डिसेंबर
पाच दिवस झाले! दाढी करता करता मोरिओकाला सांगितलं. गळ्याशी वस्तरा असताना हसला. म्हणाला, तू साके सोडलीस तर मी टक्कल सोडतो. असली गिऱ्हाइकं.

२२ डिसेंबर
आमच्या न्हावी संघटनेची वर्षअखेरची पार्टी. मी चहावर होतो. अध्यक्षांनी स्वतः ओतली. वडीलधाऱ्यांनी ओतलेला पेला तसाच खाली कसा ठेवणार? ओठ लावले फक्त. ओठ लावणं म्हणजे पिणं नव्हे.
चारदा लावले.

२३ डिसेंबर
डोकं ठणकतंय. हवा बदलली.

१ जानेवारी
नववर्षाची मसाल्याची साके ही साके नव्हेच, औषध आहे. वर्षभर आजार नको म्हणून सगळेच घेतात. चिझुरू लहान, म्हणून तिच्या वाटणीचीही मीच घेतली.
मग देवळात गेलो. पुजाऱ्याने प्रसादाची साके पुढे केली. ज्या देवासमोर शपथ घेतली तोच पाजतोय, आता बोला! नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. नमस्कार नीट झाला नव्हता, म्हणून पुन्हा रांगेत उभा राहिलो.

२५ फेब्रुवारी
परीक्षा झाली. चिझुरू आली ती थेट खोलीत. गणिताचे दोन प्रश्न गेले म्हणे. नवस फुकट जावा, हे कुठल्या गाढवाने लिहिलं? आता मात्र खरंच बंद.
टेन्शन सहन होईना. एकच घेतली.

८ मार्च, रविवार
उद्या रिझल्ट. दुपारी दुकान हिसाएवर टाकून देवळात पळालो. म्हटलं, पाटी काढून आणावी, निदान पुरावा तरी नको. पाटी सापडली. तिच्याच खिळ्याला मागे दुसरी, अक्षर चिझुरूचं: ‘देवा, पुढच्या पाटीवर बाबांनी लिहिलंय ते मनावर घेऊ नकोस. ते मनापासून लिहितात, पण त्यांना जमत नाही. नापास करायचंच तर माझ्या चुकांसाठी कर.’
तारीख १ डिसेंबर.
दोन्ही तिथेच ठेवल्या. घरी कोणत्या तोंडाने जाऊ ते कळेना.

९ मार्च
लागली! हिसाए ढसाढसा रडली. मोरिओका बाटली घेऊन आला. मी नको म्हटलं तर सगळे खो-खो हसले. मग चिझुरूने स्वतः ओतून पेला हातात दिला. म्हणाली, घ्या हो बाबा, सुटलात एकदाचे.
ओठ लावले. देवाशप्पथ, फक्त ओठ.