ऑपरेशनच्या सकाळची गोळी

मॅडम, आज तुमच्या साहेबांना, म्हणजे आमच्या काकांना, भूल मी दिली. हर्नियाचंच ऑपरेशन, पण त्यांचं हृदय किती वर्षांचं दुखणेकरी, ते तुम्हाला मी काय सांगणार. खरं तर हे मागच्याच आठवड्यात व्हायचं होतं. आत घेण्याआधी मी नाडी धरली, तर ती नुसती धावत होती. हृदयाची गोळी घेतली का, म्हणून विचारलं. म्हणाले, "उपाशी या म्हनले ना तुम्ही? मग काल सकाळपासून निरंकारच धरला. गोळी नाय, पानी नाय." मला हसू आलं आणि धडकीही भरली. जन्मभर तुम्ही अख्ख्या मराठवाड्याच्या पेशंटांना हेच समजावलं, आणि घरी दिव्याखाली अंधार.

करमाडच्या एका आजींनी असाच निरंकार धरला होता. आम्हा विद्यार्थ्यांना वॉर्डात उभं करून तुम्ही झापताय, ते अजून डोळ्यांसमोर आहे. "पोट उपाशी ठेवायचं, काळीज नाही. रोजची गोळी एकदम सुटली की हृदय बिथरतं, आणि बिथरलेलं हृदय टेबलावर दगा देतं." मग आजींच्या खाटेवर बसून तुम्ही त्यांच्याच बोलीत सांगता, औषधानं उपास मोडत नाय, घोटभर पाण्यासंगं घ्या.

त्या दिवशी काकांची नाडी बघून सर्जन म्हणाले, भीतीनं धावतेय, घेऊ या. रजा काढून आलेला तुमचा मुलगाही कुरकुरला. मी कुणाचंच ऐकलं नाही. ऑपरेशन पुढं ढकललं, काकांना दाखल ठेवलं आणि रोज सकाळी गोळी मीच त्यांच्या हातावर ठेवली. आजही ठेवली. टेबलावर त्यांची नाडी शेवटपर्यंत शहाण्यासारखी चालली. मॅडम, मला माझा फार अभिमान वाटला, आणि तुमचा त्याहून जास्त. सर्जननी हात धुताना नुसती मान डोलावली, ती तुम्हालाच होती असं मी धरून चाललेय.

शुद्धीवर येताना काकांनी डोळे न उघडताच विचारलं, "ती आली का हो ड्युटीवरून?"

मी म्हणाले, "येताहेत, काका." ते निवांत झोपले.

तुमचा एकच पत्ता मला ठाऊक आहे, हर्सूलच्या घराचा. तुम्ही गेल्यापासून तिथं काका एकटेच असतात. हे पत्र त्यांच्याच हाती पडेल आणि मी खोटं बोलले, हे त्यांना कळेल. म्हणून पाठवत नाही.