माच्या खोलीची फरशी

कुमासी, दि. ३ फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप मा हिस,
गुडघे टेकून नमस्कार. वि. वि. मी खुशाल आहे, शाळा जोरात चालू आहे.

आज शाळा सुटल्यावर मी थेट फरशीच्या दुकानात गेले! तुझ्या नव्या खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या, पत्राही चढला. आता फरशीच बाकी. बाबा नावाचा तो बसचालक तीन नमुने आणून देईल. पांढरा इतका गुळगुळीत आहे की मला त्यात माझं तोंड दिसलं. निळ्यावर फूल आहे. तिसरा तपकिरी, खरबरीत. दुकानदार ओपोकू यांनी तो उगीच घातलाय, त्याकडे बघूही नकोस. एक निवड आणि तिन्ही परत पाठव, ते उसने आहेत.

खरं सांगू? मला पांढराच हवा. दरवर्षी ओणवं बसून जमीन चोपून तुझ्या गुडघ्यांना घट्टे पडलेत. मी पदवी घेतली तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या माच्या खोलीची जमीन पुन्हा कोणाला चोपावी लागणार नाही.

माया आहे तशीच असू दे.
तुझी तिपोका

सिरिगू, दि. १७ फेब्रुवारी

चि. तिपोका हिस,
डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. आपली बाजरी, बकऱ्या आणि माणसं बरी आहेत. मी सांगते आहे आणि चर्चमधले लिओनार्डमास्तर लिहिताहेत.

तुझ्या भेटी पोचल्या. मला तिन्ही आवडल्या. दाराभोवतीचा गिलावा ओला होता, म्हणून माझ्या लग्नातली ताटली जिथे बसवली आहे तिच्याशेजारी तिन्ही बसवून टाकल्या. मास्तर नवरोंगोला गेले होते, पत्र वाचायला कोणी नव्हतं. परत पाठवायच्या होत्या हे आज कळलं. आता काढल्या तर भिंत येईल हातात.

कोंबडी सकाळपासून पांढरीतल्या कोंबडीशी भांडते आहे. माझी सवत, तुझी धाकटी मा लामिसी, तिच्यात दात बघायला दिवसातून चारदा येते. मी तिला म्हटलं, उरलेत किती ते एकदाच मोजून घे.

(हे मी, लिओनार्ड, माझ्या मनाचं लिहितो: भिंत फार देखणी झाली आहे.)

लोभ कमी करू नकोस.
तुझी मा

कुमासी, दि. २६ फेब्रुवारी

ती. मा हिस,
गुडघे टेकून नमस्कार. तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि एकटीच मोठ्याने हसले. ओपोकूंना भीतभीत सांगितलं, तर ते हसता हसता स्टुलावरून पडायचे राहिले. नमुने तुझेच झाले.

पण मा, जमिनीवर कुठली? पावसाआधीचा शेवटचा ट्रक मार्चअखेर निघतो. पांढरी म्हण ना!

धाकट्या मालाही नमस्कार. तिचे दात मला प्रिय आहेत.
तुझी तिपोका

सिरिगू, दि. ८ मार्च

चि. तिपोका हिस,
आशीर्वाद. आम्ही परीक्षा घेतली. लामिसी भिंतीपाशी उताणी झाली, तळव्यांना शियाच्या बियांचं लोणी आणि पाणी लावलं आणि एकेका फरशीवर पाय रेटला. पांढरीवरून सटकला. निळीवरून सटकला तो ज्वारीच्या दारूच्या, पिटोच्या मडक्यात. पिटो सांडली, तिचा दोष ती मला देते. तपकिरीवर पाय ठरला. म्हणून तपकिरी.

आणखी एक, रागावू नकोस. जमीन कोणाला चोपावी लागणार नाही म्हणालीस. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी जमीन सगळ्या बायकांनी गात गात चोपली. त्या दिवशी मी या घरची झाले. त्यांचा हात न लागलेल्या खोलीत मी पाहुणी. तिथे मी निजणार नाही, पोरी. बकऱ्या निजतील.

तुझी मा

कुमासी, दि. १८ मार्च

ती. मा हिस,
गुडघे टेकून नमस्कार. दोन दिवस मी रागावले होते, हे लपवत नाही. तपकिरी म्हणजे मातीचाच रंग! तुला मातीतून वर काढावं म्हणून मी शिकले, असं मला वाटत होतं. तू त्या खोलीत निजणार नसशील तर मी बांधलं काय, हा विचार जाता जात नव्हता.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंच्या नुकत्याच पुसलेल्या पांढऱ्या फरशीवर मी वह्यांच्या गठ्ठ्यासकट घसरले. बाई म्हणाल्या, मिस तिपोका, नमस्कार उभ्यानेही चालतो. लामिसीमाला मुळीच सांगू नकोस.

उठले ती ओपोकूंकडे गेले. ते म्हणाले, फरशी कुठलीही घ्या, खालची जमीन घट्ट चोपलेली नसेल तर वर्षात तडकते, आणि चोपणारे हात आजकाल मिळत नाहीत. मा, मी तिथेच टाळी वाजवली! आधी बायका गात गात चोपतील, मग त्यावर फरशी बसेल. त्यांच्याकडे काळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या तुकड्यांचा ढीग आहे, तो फुकट देतात. भिंतीच्या कडेने नक्षी करता येईल. फक्त त्यांना चित्र हवं. तू सांग, मास्तर काढतील.

तुझी तिपोका

सिरिगू, दि. २४ मार्च

चि. तिपोका,
मी लिओनार्ड. नक्षी मी काढायला घेतली, तेव्हा तुझ्या माने दोनदा बघितलं आणि पेन्सिल काढून घेतली. मला अंगणात बसवलं. सोबतचा कागद तिचा आहे. मी एक रेघही ओढलेली नाही.

कुमासी, दि. २९ मार्च

ती. मा हिस,
दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. तुझं पत्र वाचलं. वरच्या ओळीत फुटलेल्या भोपळ्याचे त्रिकोण, मधे जाळं, खाली गाईची शिंगं. एका त्रिकोणावर लोण्याचं बोट उमटलंय. आजवर तुझी पत्रं मास्तरांच्या अक्षरात आली. हे तुझ्या हाताचं पहिलं.

ओपोकूंनी कागद उलटसुलट करून विचारलं, कुठल्या इंजिनियरने काढलं? माझ्या माने, म्हटलं. एवढ्या सरळ रेघा पट्टीशिवाय, हे त्यांना पटेना. ते कागद ठेवून घेत होते, मी दिला नाही. त्यांच्यासाठी मीच नक्कल केली, पट्टी घेऊन, आणि तरी वाकडी आली.

तपकिरी फरशी आणि तुकड्यांची चार पोती आज ट्रकवर चढली. येत्या शनिवारी शाळेला सुटी लागते, त्याच रात्रीच्या बसने मी निघते. बायकांना सांग, मी येईपर्यंत हात लावायचा नाही. गाणं मला अर्धंच येतं, चोपताना शिकेन. एक चोपणं माझ्यासाठी राखून ठेव.

माझ्यावर हात असू दे.
तुझी तिपोका