पहिली कुदळ

मंगळवार, ४ जून

ग्रेशम मामा आता अंथरुणातून उठत नाही म्हणे. बातमी गिरणीवरच आली. बायका मक्याच्या टोपल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, त्यातलीच कुणीतरी बोलली. मी पट्टा चढवत होते. हात थांबला नाही. मोटर सुरू झाली आणि त्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मी हसले.

हसले — हे लिहून ठेवते. इथंही खोटंच लिहायचं तर वही कोरी असलेली बरी.

गुरुवार, ६ जून

दोन दिवस माझा नवरा लेवीसनच डोळ्यांसमोर आहे. म्हणजे त्याची शवपेटी.

आठ वर्षं झाली. जानेवारी, नदीला पूर, त्याच्या गावाचा रस्ता वाहून गेलेला. त्याला इथंच, माझ्या माहेरच्या दफनभूमीत ठेवायचं ठरलं. आमच्यात लग्नानंतर नवराच बायकोच्या गावी राहायला येतो, आणि बायकोचा मामा घराचा कर्ता; तो तेवढा आपल्याच गावी राहतो, बायकोला तिथं आणतो. घरातून पहिली कुदळ त्यानं द्यायची, मग 'नातवंडं' खणायला लागतात. नातवंडं कसली, पन्नाशीचे बाप्ये! पण जो कबर खणतो तो गावाचा नातू, असा जुना मान आहे.

मामानं कुदळ दिली नाही. सगळ्या मंडळीसमोर म्हणाला, "ही कुणाच्या मातीला आली होती? शहरात नोकरी करते ना? शहरातूनच माणसं मागव म्हणावं."

मी फारशी येत नव्हते, हे खरं. बियाण्यांच्या कंपनीत सुट्टी मिळायची नाही. पण लेवीसन? तो इथल्या शाळेत मास्तर. गावातली एक माती त्यानं चुकवली नव्हती. मामाला ते ठाऊक होतं.

नातवंडं आंब्याखाली बसून राहिली. पेटी उन्हात. शेवटी मीच शेजारच्या घरातून कुदळ ओढून आणली. बाई कबर खणत नाही आमच्याकडे. मी खणली. गुडघाभर खड्डा झाला तेव्हा त्या नातवंडांतल्या वायसनला लाज वाटली, तो उठला, मग बाकीचे. मामा तोवर घरी जेवायला गेला होता.

एनिफा मामीनं मला पाणी आणून दिलं होतं. नवऱ्याला न जुमानता, सगळ्या बायका बघत असताना. ते मी जमेस धरत नाही. धरलं तर राग पातळ होतो.

शनिवार, ८ जून

लेवीसन गेल्यावर नोकरी सोडली आणि ठरवलं, यापुढे कुणापुढे हात पसरायचा नाही. नाही पसरला. आज गिरणी माझी आहे, चार गावांत दुसरी नाही. विहीर माझी, पंप माझा, छपरावरच्या सौर तव्यांतून वीज येते तीही माझी. तुरीचं शेत आहे. मुलगी शिकून नर्स झाली. मला ताप आला तर मीच ओलं फडकं कपाळावर ठेवते.

आणि देव? त्या दिवशी खड्ड्यात उभी राहून मी त्याला म्हटलं होतं, एकाला तरी उठव. उठवलं नाही त्यानं. मी खणलं, मग लोक उठले. तेव्हापासून उपासनेला जाते, बसते, गाते, पण मागत काही नाही. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात तेव्हा क्षमेच्या ओळीला, 'जशी आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर', ओठ मिटते. जे मनात नाही ते म्हणायचं नाही, एवढा प्रामाणिकपणा ठेवलाय. शेजारी मामी बसते. तिची आठ वर्षांची ठरलेली जागा. ती ओळ ती खणखणीत म्हणते. माझ्या वाटचीही म्हणते की काय कोण जाणे!

रविवार, ९ जून

पाळक कालुआ उपासनेनंतर थांबले. मामाला भेटून या, म्हणाले. मी म्हटलं वेळ नाही. ते म्हणाले, वेळ मामाकडेही नाही.

मग माझी जीभ सुटली. म्हटलं, पाळकसाहेब, ज्याला कमी आहे त्यानं देवाच्या दाराशी जावं. मला काय कमी आहे ते दाखवा, उद्यापासून गुडघे टेकते.

ते हसले. माणूस तसा मिस्कील आहे. म्हणाले, "एक करा लोनेसबाई. स्वतःची कबर स्वतः खणा, आत निजा आणि वरून माती ओढून घ्या. जमलं तर माझ्याकडे कधीच येऊ नका."

"त्याला माणसं लागतात. देव कशाला?"

"माणसं कशी असतात ते तुम्ही पाहिलंय की."

 घरी येईपर्यंत तीन उत्तरं सुचली. त्यातलं एकही चांगलं नव्हतं.

बुधवार, १२ जून

मामानं निरोप धाडला. गेले.

का गेले? भाची म्हणून नाही, ख्रिस्ती म्हणून नाही. बघायला गेले. निघताना चांगलं चितेंजे गुंडाळलं कमरेला, ते निळं, नवं. मरणाऱ्या माणसाला बघायला जाताना आरशात पाहणारी बाई मी!

पार चिपाड झालाय. गोधडीखाली माणूस आहे हे शोधावं लागतं. "बस, पोरी," म्हणाला. आधी तुरीचं विचारलं, मग पुढचा पाऊस लांबेल का ते. मी उभीच. मामी पेज ढवळत कोपऱ्यात बसली होती, तिनं वर पाहिलं नाही.

मग आला मुद्द्यावर. दोन्ही मुलं जोहान्सबर्गला, वर्षानुवर्षं कुणाच्या मातीला आलेली नाहीत. त्याचे स्वतःचे पाय गेले तेव्हापासून तोही गेला नाही. आणि वायसनचं बाळ गेलं तेव्हा ह्याच मामानं त्याच्याकडून बकरा घेतल्याशिवाय कुदळ हलू दिली नव्हती. मातीला येत नाही त्याची कबर खणायची नाही, हा नियम त्यानंच कडक केला. आता तोच नियम उशाशी येऊन बसलाय.

"मला उन्हात ठेवतील गं," म्हणाला.

मी म्हटलं, तुम्ही आहात की पहिली कुदळ द्यायला.

"मी गेल्यावर कसा देणार? थोरली भाची तू. आमचं रक्त तू. ही तर परक्या घरची," मामीकडे हात करून म्हणाला. "कुदळ तूच द्यायची. देशील ना?"

माफ कर म्हणाला नाही. तो शब्द ऐकायला मी दारात उभी राहिले होते. बरं झालं! म्हणाला असता तर माझ्याजवळ काय उरलं असतं?

"बघू," म्हटलं आणि निघाले. ह्या एका शब्दाची चव अजून जिभेवर आहे. हा न्याय आहे की सूड, हे वाटेत नीट तपासून पाहिलं. सूडच आहे. न्याय इतका गोड लागत नाही.

शुक्रवार, १४ जून

पट्टा तुटला. नवा घातला. दिवसभर दळण. मामाचं काही नाही.

शनिवार, १५ जून

मामा गेला. सकाळी उन्हं वर यायच्या आत.

वायसन दुपारी दारात आला, टोपी हातात धरून. माती उद्या. त्याला बसायला सांगितलं तरी तो बसला नाही. म्हणाला, "बाई, तुमच्या शब्दावर आहे. उठा म्हणालात तर उठतो. आम्ही काही विसरलो नाही. लेवीसन मास्तरांनी माझ्या पोराला अक्षरं शिकवली. आणि आम्ही आंब्याखाली बसलो होतो." मग टोपीकडे बघत, "बकऱ्याचंही विसरलो नाही."

आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते टोपी काढून दारात उभं होतं.

मी म्हटलं, "बसा."

त्याला वाटलं खुर्चीवर बस म्हणतेय. म्हटलं, उद्या. आंब्याखाली. बसा.

तो गेल्यावर गिरणीला कुलूप घातलं. मातीला आलेल्यांना न्सीमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, रांधायचं तर पीठ लागतं. आणा म्हणावं कुठून आणता ते! बायका कुलपाकडे बघून टोपल्या डोक्यावर घेऊन परत फिरल्या. संध्याकाळपासून मामाच्या वाडीकडून उखळाचे आवाज येताहेत. कांडताहेत.

सोमवार, १७ जून

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते, क्रमानं, काही न वगळता.

सकाळी मी गेले नाही. घरी राहिले. मोहरीचा पाला शिजवला, सुकी मासळी तळली, ताटात वाढून घेतलं. जेवण उरकून मग उशिरा जायचं, मामासारखं — असा बेत होता. दोन घास गेले. चव होती. पण तिसरा घास हातातच राहिला. पश्चात्ताप म्हणून नाही, उगाच चांगुलपणा लावून घेत नाही. धीर निघेना म्हणून. बघायचं होतं.

दफनभूमीच्या कडेला, निवडुंगाच्या कुंपणाआड उभी राहिले. सगळं जागच्या जागी होतं. आंबा. आंब्याखाली नातवंडं, वायसन मधोमध. पेटी उन्हात. पाळकसाहेब वायसनशी काहीतरी बोलत होते आणि वायसन मान हलवत होता, नाही, नाही. बायका एका बाजूला गोळा होऊन बसलेल्या.

आणि खणत होती एनिफा मामी.

सत्तरीच्या पुढची बाई. कुदळ उचलायची, क्षणभर वरच धरायची, कारण खाली आणायलाही बळ लागतं, मग सोडायची. जमीन आमच्याकडची जूनमधली, पाऊस कधीच सरलेला, कोरडी. ढेकूळ निघायचं मुठीएवढं. एकदा तोल गेला, गुडघ्यावर आली, तशीच गुडघ्यावरून खणायला लागली. तिच्यासाठी पाणी घेऊन कुणी गेलं नाही. माझ्यासाठी गेलेली बाई तीच होती, आणि ती तर खड्ड्यात होती.

मला आनंद होत होता.

हेच लिहायचं आहे. बाकी सगळं ह्याच्यासाठी लिहिलं. मी मामीला पाहत होते, ती मामा नाही हे मला कळत होतं, तिचा काही गुन्हा नाही हे कळत होतं, आणि आत ते चालूच होतं. गोड. म्हटलं, पुरे. थांबलं नाही. म्हटलं, लोनेस, ही मामी आहे, हिनं तुला पाणी दिलं. थांबलं नाही. मला पंप बंद करता येतो. गिरणी बंद करता येते. चार गावांचं पीठ मी एका कुलपानं बंद केलं. हे मात्र बंद होईना! पट्टा काढावा तर हात कुठं घालायचा तेच कळेना. मालक मी नव्हतेच. दळली जात होते.

पाळकसाहेबांनी विचारलं असतं आत्ता, काय कमी आहे, तर सांगितलं असतं.

कुंपणाला धरून म्हटलं, "मला हे थांबवता येत नाही. तू थांबव."

आठ वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. उत्तर नाही आलं. आनंद विरला, असंही नाही, थोडा अजूनही होता. पण पाय निघाले. मी काढले नाहीत, एवढं खात्रीनं सांगते. मला मुळीच जायचं नव्हतं.

मामाच्या घरामागून कुदळ घेतली, त्याचीच, मूठ झिजलेली. आणून वायसनच्या हातात दिली. म्हटलं, घरची पहिली कुदळ. उठा.

 "नक्की का बाई?" म्हणाला. नक्की काहीच नव्हतं. म्हटलं, उठा. तो उठला, त्याच्यामागे सगळे.

मी खड्ड्यात उतरले, मामीची कुदळ घ्यायला. तिनं दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरली. तिला माहीत होतं. 'बसा' कुणी म्हटलं हे दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत होतं. धुळीनं तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. अगदी हळू, जेवायला बसलेल्या पोराला विचारावं तसं तिनं विचारलं,

"पोट भरलं, लोनेस?"

वायसननं तिला हाताला धरून वर घेतलं.

ऊन कलताना माती झाली.  पाळकसाहेबांनी टोमणा मारला असता तरी चाललं असतं.

मंगळवार, १८ जून

गिरणी उघडली. बायका आल्या, दळण घेऊन गेल्या. एकीनंही मान वर केली नाही. मामीकडे पिठाचं पोतं पाठवलं. जसंच्या तसं परत आलं. तोंडही न सोडलेलं.

गुरुवार, २० जून

स्वतः गेले. मामी अंगणात तूर पाखडत होती. मी म्हटलं, मामी, चुकले. तिनं सूप थांबवलं नाही. मी उभी राहिले, मामाच्या दारात उभी राहिले होते तशी, त्याच एका शब्दाची वाट पाहत. साल उडत होतं, माझ्या निळ्या चितेंज्यावर बसत होतं. मग परत आले.

विहीर, पंप, गिरणी, शेत. ह्यातलं काय घालून माफी मिळते? कशानंच नाही. ती कुणी दिली तरच मिळते. आणि मामी देईल तेव्हा, किंवा देणारच नाही.

घरी येऊन गुडघे टेकले. उगाच वाटलं म्हणून नव्हे. उभं राहून हे मागता येत नाही.

रविवार, २३ जून

उपासना. मामी आली, तिच्या जागी बसली, माझ्या शेजारी. प्रार्थना सुरू झाली. क्षमेच्या ओळीला आज माझे ओठ उघडले.

मामीचे मिटलेले होते.