गुरुपौर्णिमेचं पाकीट

३० एप्रिल १९७१, शुक्रवार
नलूच्या हातात शाळेने पुन्हा कागद ठेवला. सेवा समाप्त. हे तिसरं वर्ष. सुट्टीचा पगार द्यायला नको म्हणून एप्रिलअखेर काढायचं, जूनमध्ये परत बोलवायचं. वर हेडमास्तर म्हणतात, "इंग्रजीला तुमच्यासारखं कोणी मिळत नाही हो बाई." मग कायम करा की! पण बी.एड. नाही ना. पोर मात्र हसत घरी आली. ह्यांची नोकरी चालू आहे, देवाची कृपा.

११ मे, मंगळवार
वेसाव्याची जनाबाय पाटी घेऊन दारात टेकली. म्हटलं, आज मंगळवार, मासळी नको. "नको घेव. तुजी पोर विंग्रजी शिकवते ना? माज्या दामूला शिकव." दामू आणि आठ पोरं मोठ्या बोटीवर नोकरी बघतायत. तिथे साहेब इंग्रजीत प्रश्न विचारतो. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, म्हणजे संध्याकाळ मोकळी. महिना दहा रुपये माणशी. नलू लगेच हो म्हणाली. नऊ दाहे नव्वद! शाळा महिनाभर घसा कोरडा करून दोनशे दहा देते. क्लासचे पैसे तिचे तिलाच राहू दे, मी विचारणार नाही.

१९ जून, शनिवार
शाळेने परत घेतलं. आणि बी.एड.च्या यादीतही नाव लागलं! फी १५ जुलैच्या आत. गेली तर शाळा सुटणार, परत घेतीलच असं नाही. हे म्हणाले, जाऊ दे तिला. फीचं विचारलं तर, "सोय झालीय, आई."
कोळीवाड्यातून येते तेव्हा चेहरा वेगळाच असतो. म्हणते, "शाळेतली मुलं पेपरापुरतं शिकतात गं. दामू आज शिकलेलं उद्या धक्क्यावर खलाशांशी बोलून बघतो."

८ जुलै, गुरुवार
गुरुपौर्णिमा, त्यात गुरुवार. नलू शाळेत. दामू आणि मंडळी नारळ, झेंडू, हळदकुंकू लावलेलं बंद पाकीट घेऊन आली. मलाच वाकून नमस्कार केला. डोळे भरून आले. बाबा गावी मास्तर होते, गुरुदक्षिणा कधी उघडून बघत नसत, तशीच देवळात. मीही संध्याकाळी दत्ताच्या पेटीत पाकीट सोडलं. फार बरं वाटलं.

९ जुलै, शुक्रवार
नलू : "आई, पोरांनी पाकीट दिलं ना?"
सांगितलं. ती खालीच बसली. पावसाळ्याच्या तीन महिन्यांची फी एकदम होती त्यात. दोनशे सत्तर. बी.एड.चे पैसे तेच. दोन पैशांची कोथिंबीरही हिशोबात लिहिणारी मी, पाकीट उघडून पाहिलं नाही!
मग उठून माझ्या हातची भांडी घेऊन घासायला बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१० जुलै, शनिवार
देवळात विचारलं. पेटी दत्तजयंतीलाच उघडते, मधे उघडायची तर अर्ज द्या म्हणाले. त्यांनी कागद पुढे केला, मी पेन हातात धरलं, आणि ठेवून दिलं. एकदा दिलेलं कसं मागू?
जनाबायला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अगो, देवाने पयली फी घेतली!" मग गंभीर झाली. पोरांना पुढल्या तीन महिन्यांचे आगाऊ द्यायला लावते म्हणाली. अट एकच, नारळी पुनवेनंतर होड्या गेल्या तरी क्लास थांबवायचा नाही. होडी येईल त्या वेळी शिकवायचं.

१३ जुलै, मंगळवार
दिवसा कॉलेज, मग कोळीवाडा. झेपेल का, विचारलं. "शाळेत नाही, पण वेसाव्यात कायम झाले बघ." किती दिवसांनी माझ्याशी हसली. पोरांचे पैसे आले, फी भरली, शाळा सोडली. हेडमास्तर म्हणाले, वर्षाने बघू.

२ ऑगस्ट, सोमवार
दामूची आज मुलाखत. नलूने कॉलेजला जाण्याआधी त्याला आमच्या ओट्यावर उभं करून शेवटचे प्रश्न विचारले. मी साखर ठेवली दोघांच्या हातावर. जनाबाय सकाळपासून इथेच बसून आहे, पाटी रिकामी, विकायला गेलीच नाही. सहा वाजले. दोघांपैकी कोणीच अजून आलं नाही. दिवा लावते.