अहरोनच्या गिटारीतला पुठ्ठा

मी, इझिकेल अब्राहम वाक्रूळकर, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा सुतारकाम, पूर्वी राहणार भायखळा, मुंबई, सन १९५१ पासून राहणार अश्केलोन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. फुप्फुसे नाहीत. कुपत होलिम या आजारविमा संस्थेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने हा हिवाळा निघेल असे सांगितले नाही, मीही विचारले नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात मी स्वतःला भला माणूस दाखवले होते, ते रद्द समजावे.

कलम १. शिकूनमधले, म्हणजे सरकारी वसाहतीतले, माझे दोन खोल्यांचे घर माझी एकुलती एक मुलगी रोझ हिला मिळावे. कोणतीही अट नाही. हे घर सोडून तिने जाऊ नये म्हणून मी काय केले ते पुढे येईल. ते वाचून तिला इथे राहवले तर राहावे.

कलम २. रंधे, पटाश्या, करवती व रेघ आखायची शिसवी खतावणी ही हत्यारे, हे मृत्युपत्र ज्यांच्याकडे ठेवले आहे त्या सॅमसन मास्तरांनी विकावीत. मी कामाला होतो त्या दरवाज्यांच्या कारखान्यातल्या कोणालाही देऊ नयेत. तिथला मुकादम झेएव याला मात्र खाटेखालचे लाकडाचे तुकडे नेऊन द्यावेत. मी गिटार करत होतो तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता की इझिकेल दरवाजाला तारा लावतो आहे. त्याने त्या तुकड्यांना तारा लावून बघाव्यात.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन व्हावे आणि साधा दगड बसवावा. दगडावर ‘प्रेमळ’ हा शब्द कोरू नये. माझी बायको लिली हिच्या दगडावर मी तो कोरून घेतला, कारण ती होती.

कलम ४. गिटार. ती माझा माजी जावई अहरोन याला द्यावी. तो सध्या एलातच्या बंदरात क्रेन चालवतो. गिटारीसोबत माझ्या पेटीतले खाकी पाकीटही द्यावे. पाकिटात काडेपेटीच्या पुठ्ठ्याची एक चिंचोळी पट्टी आहे. ती काय आहे हे त्याला कळावे म्हणून सगळे सांगणे भाग आहे.

लिली १९५८ साली गेली. त्यानंतर घर रोझने सांभाळले. अहरोन ठाण्याचा, मागे कोणी नसलेला, म्हणून लग्नानंतर तो आमच्याकडेच राहिला. स्वभावाने मऊ. दिवसा वायरमनचे काम करी आणि संध्याकाळी उसन्या पोकळ गिटारीवर नाचाची गाणी वाजवी. १९६२ च्या उन्हाळ्यात त्याने मला मासिकातले एक चित्र दाखवले. भरीव लाकडाची, विजेवर चालणारी गिटार. म्हणाला, “मामा, विकत घ्यायची आपली ऐपत नाही. पण तुमच्या हाताला काय अशक्य आहे?”

माझ्या हाताची स्तुती कोणी केली की मी कामाला लागतो, हा माझा जुना दोष.

गिटारीच्या धडाचा पाट मी कारखान्यातल्या चौकटीच्या कठीण लाकडाचा कापला. दांडी मुंबईहून आणलेल्या लिलीच्या पलंगाच्या सागवानी पट्टीची केली. सतारीला असतात तसे पडदे पितळी पट्टीतून कापून एकेक ठोकून बसवले, आणि बोटाला कड लागू नये म्हणून आठवडाभर घासले. दांडी पाटाच्या खाचेत बसवून मागून चार स्क्रूंनी आवळली. तारांखालच्या लोहचुंबकावर तांब्याची गुंडाळी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बेझालेलने करून दिली.

पोकळ गिटारीचा आवाज तिच्या पोटात घुमतो आणि तिथेच विरतो. हिला पोटच नाही. अ‍ॅम्प्लिफायर जोडला नाही तर ती शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. पण जोडली, की सूर तारेवरच उभा राहतो. मी मोजले आहे. एक तार छेडून मी सावकाश चौदापर्यंत आकडे म्हटले तरी सूर जिवंत होता. तारा पडद्यांच्या इतक्या जवळ बसवल्या होत्या की अहरोन म्हणे, “दाबावं लागतच नाही, मामा. नुसतं मनात आणलं की वाजते.” शेजारी खिडकीत येऊन ऐकत आणि त्याचे कौतुक करत. मला कोणी विचारले नाही. मला वाजवता येत नाही. मी केलेल्या वस्तूतून निघणारी गोष्ट दुसऱ्याच्या मालकीची होती, हे मला रोज संध्याकाळी ऐकावे लागे.

डिसेंबरातल्या हनुक्का सणाच्या आधी एलातच्या एका हॉटेलातून निरोप आला. त्यांना बँडसाठी कायमचा गिटारवाला हवा होता; आधी तिथे वाजवून परीक्षा द्यायची होती. राहायला खोली मिळणार होती, म्हणजे रोझही जाणार होती. तिने मला जेवताना सांगितले. “बाबा, तुमचं जेवण शेजारची देईल. आम्ही सणाला येऊच.” मी ‘बेसेदेर’, ठीक आहे, म्हणालो.

परीक्षेच्या आदल्या दुपारी दोघे त्याच्यासाठी सदरा घ्यायला बाजारात गेले. मी चार स्क्रू सैल केले आणि खाचेच्या तोंडाशी, दांडीच्या बाजूला, ती पुठ्ठ्याची पट्टी सरकवली. तेवढ्याने दांडीचा कोन बदलतो आणि वरच्या पडद्यांवर तारा उंच उठतात. मग तारा जिच्यावर टेकतात ती घोडी दोन सूत पुढे घेऊन तारा पुन्हा लावल्या. मोकळ्या तारा सुरात लागत. पण वर बोट गेले की प्रत्येक सूर चढलेला निघे, आणि दाबायला दुप्पट जोर लागे. सगळे काम वीस मिनिटांचे. शांतपणे केले. मग चहा केला आणि दोघांसाठी झाकून ठेवला.

संध्याकाळी मी त्याला गिटारीला हात लावू दिला नाही. “बोटांना विश्रांती दे,” म्हणालो. त्याने ऐकले. पहाटेच्या बसने गेला.

तिथे जे झाले ते त्यानेच परत येऊन सांगितले. पहिल्या गाण्यात बोटे अडखळली. दुसऱ्यात बँडवाल्यांनी वाजवणे थांबवले. कोणीतरी हसले. त्याला वाटले वाळवंटातल्या हवेने लाकूड हलले असेल. “मामा, बघा ना. तिला काहीतरी झालंय.”

मी गिटार बाहेर पडवीत नेली. पट्टी काढली, घोडी जागेवर आणली, स्क्रू आवळले. मग आत येऊन गिटार रोझच्या मांडीवर ठेवली. “तूच बघ. आधी मोकळी तार, मग बाराव्या पडद्यावर बोट ठेवून तीच.” तिने वाजवले. दोन्ही सूर एकमेकांत असे बसले की तिलाही कळले.

मी म्हणालो, “वाद्यात दोष नाही, अहरोन. घरात वाजवणं वेगळं. तुझ्यात ते नाही, आणि आता कळलं हे बरं झालं.”

तो रोझकडे बघत होता. रोझ त्याच्याकडे बघत नव्हती. त्यानंतर त्याने गिटारीला हात लावला नाही.

कलम ५. पुढचे रोझला ठाऊक आहे, पण तिने ते माझ्या बाजूनेही ऐकावे. जेवताना मी बोलत असे. फार नाही, ताटागणिक एखादे वाक्य. कोणाचा नवरा काय करतो, कोणाच्या हातात काय आहे. सहा महिन्यांनी तीच वाक्ये रोझच्या तोंडी आली. एकदा ती त्याला म्हणाली, “बाबा म्हणतात ते खरं आहे. तुझ्या हातून काहीच होणार नाही.” तो उठून अंगणात गेला. मी भाताला हात लावला आणि तो गरम आहे का ते पाहिले. सन १९६३ मध्ये त्यांची फारकत झाली.

रोझ माझ्याजवळ राहिली. मला हवे ते मिळाले. ती वेळेवर औषध देते, अंथरूण बदलते. मी मराठीत विचारतो, ती हिब्रूत उत्तर देते, तेही एका शब्दात. दीड वर्षात तिने मला बाबा म्हटलेले नाही. तिला काही कळलेले नाही, हे मी शपथेवर सांगतो. ती नुसती विझली आहे. रोझ, तुझा नवरा चांगला वाजवत होता. तुझा कान तुला बरोबर सांगत होता. तू माझे ऐकलेस.

कलम ६. मी हे सगळे बरोबर घेऊनच जाणार होतो. पण गेल्या महिन्यात अहरोन आला. बसने सगळा दिवस काढून, मी आजारी आहे असे कळले म्हणून. रोझ कामावर होती. ती नसताना यावे असेच त्याने पाहिले असावे. खजूर आणले होते. माझी उशी सारखी केली, गळणारा नळ दुरुस्त केला. त्याचे दुसरे लग्न ठरले आहे. मुलगी सारित, बंदराच्या कचेरीत असते. क्रेनच्या दांड्यांनी त्याची बोटे जाड झाली आहेत. ती आता त्या तारांवर चालायची नाहीत, हे माझ्या सुताराच्या नजरेला दिसले.

जाताना तो खाटेशी बसला. म्हणाला, “मामा, बाकी सगळे खोटं कौतुक करायचे. तुम्ही एकट्यानं खरं सांगितलंत. नाहीतर मी आयुष्यभर त्या गिटारीमागे धावत राहिलो असतो. मी सुखी आहे. तुमचे उपकार आहेत.”

माझे हात त्याने आपल्या हातात घेतले होते. मी खोकला आला असे दाखवले.

तेव्हापासून मला झोप नाही. त्याला फसवले म्हणून नव्हे. ते मी दोन वर्षे आरामात सोसले. त्याने माझे आभार मानले, हे मला सोसत नाही. तो सुखी आहे, हेही सोसत नाही. यातले कुठले कारण मोठे ते मला ठरवता आले नाही. ज्यांना ठरवायचे असेल त्यांनी ठरवावे.

म्हणून सॅमसन मास्तरांनी हे मृत्युपत्र रोझ आणि अहरोन दोघांना समोरासमोर बसवून मोठ्याने वाचावे, आणि कलम चार मधले काही गाळू नये. ते भल्या मनाचे आहेत, गाळावेसे वाटेल. अहरोनला गिटार विकायची असेल, फोडायची असेल, तर त्याची मर्जी. मी ती सुरात लावून ठेवली आहे.

माझ्या कबरीवर रोझ येईल, उभी राहील आणि घड्याळ बघेल. माझ्यासाठी मनापासून रडेल असा या देशात एकटा अहरोन आहे. हे वाचल्यावर तोही रडणार नाही. तरी हे कलम तसेच राहू द्यावे.

सही: इझिकेल अब्राहम वाक्रूळकर
ठिकाण: अश्केलोन
तारीख: १९ नोव्हेंबर १९६४

(हा शेरा मूळ हिब्रूत) वरील सही आमच्यासमोर झाली. दोघांनाही मराठी वाचता येत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने आम्हाला त्याच कारणासाठी बोलावले असे तो सांगतो.

साक्षीदार १: बेझालेल, रेडिओ दुरुस्ती, अश्केलोन (सही हिब्रूत)
साक्षीदार २: येमिमा, परिचारिका, अश्केलोन (सही हिब्रूत)