करंगळीवरची काट

५ एप्रिल १९८३, लातूर

लेकीवर, विशाखावर आज फार ओरडलो. व्हायोलिनवर तीन बोटं भराभर चालतात, करंगळी मात्र वाकडीच्या वाकडी! आळस, दुसरं काय. सोळा वर्षांची पोर, रडली बिचारी.

११ एप्रिल

उदगीरच्या शिवम्माकाकूंनी दिलेली पानं अखेर उघडली. त्यांचे यजमान महादेवप्पा माझे गुरुजी. पानं गुरुजींच्या आजोबांची, विरूपाक्षांची. हिंगोलीच्या छावणीत, पलटणीच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. छापील विलायती सुरावटी, कडेला सन १८८६, १८८७. प्रत्येक सुरावर पेन्सिलीनं बोटाचा आकडा. आणि नवल म्हणजे, जिथं जिथं चार — म्हणजे करंगळी — तिथं काट! वर तीन लिहिलंय.

१२ एप्रिल

टँकर आलाच नाही. नवा जिल्हा झाला, आमच्या कचेरीत नव्या खुर्च्या आल्या, प्यायला पाणी नाही!

संध्याकाळी विरूपाक्षांच्या आकड्यांनी वाजवून बघितलं. मी अडखळलो, विशाखा नाही. किती सहज! करंगळीचा सूर त्यांना कोरडा वाटत असणार, म्हणूनच ही काट. पोरीची माफी मागितली.

"माझी करंगळी वळतच न्हाई, बाबा."

म्हटलं, नाही वळली तर नाही, एवढ्या मोठ्या वादकालाही ती नको होती. हसली. कितीतरी दिवसांनी.

२० एप्रिल

विशाखाच्या करंगळीवर टपोरा फोड. चहाचं पातेलं उतरवताना भाजलं, कळलंच नाही म्हणते. तिची आई, इंदू, कावली. मी म्हटलं, पोरीचं ध्यान सुरांत असतं! मनातून फुशारलोच.

२४ एप्रिल, रविवार

शेवटच्या पानांवर तीनवरही काट आहे. आकडेही वेडेवाकडे. ते विचारायला उदगीरला गेलो. कोरड्या सुराचा माझा अर्थ काकूंना सांगितला. चहा पुढ्यात ठेवत म्हणाल्या,

"कशाचा सूर रे! बोटं मेली हुती त्यांची. आधी करंगळी, मग शेजारचं. महारोग. चटका बसला तरी समजंना. घरच्यांनी शेतात खोपट घालून दिलं, तितंच वाजवायचे."

चहा तसाच ठेवून निघालो. एसटीत उभ्यानं आलो. बसायला जागा होती.

इंदूला काही बोललो नाही. भीती वाटते.

२५ एप्रिल

विशाखाला डोळे मिटायला लावले. सुई लागली की सांग म्हटलं. करंगळीला टोचली. थेंबभर रक्त आलं.

"लावा की, बाबा," म्हणाली.