पाठवणीनंतरची किटली

रविवार, मे १९८९. अंबरनाथ

मागे कॅम्प दोनमधल्या, सिंधी वस्तीतल्या व्हिडिओवाल्याकडून एक परदेशी सिनेमा कॅसेटवर आणला होता. कुठल्या देशाचा, कोण जाणे. एक म्हातारी रोज किटली ठेवून मुलाची वाट पाहते. शेवटी दारावर थाप पडली आणि आमची वीज गेली. मुलगा आला का, एवढंच कळायचं होतं. इतकं का लागून राहावं? परत मागायला गेलो तर म्हणाला, "साईं, वो तुम्हारे सिवा कोई लेताच नहीं. उसपे शादी उतार दी."

आज शेजारच्या काकूंनी मुलीच्या लग्नाची कॅसेट पाहायला बोलावलं. शूटिंग त्या व्हिडिओवाल्याचंच. पाठवणी झाली, काकूंनी डोळे पुसले, पडद्यावर मुंग्या आल्या आणि किटली दिसली. तीच.

"अगं बाई, ही कोण म्हातारी? बंद कर रे!"

"काकू, दोनच मिनिटं."

म्हातारीने दार उघडलं. बाहेर कुणी अनोळखी माणूस, रस्ता विचारणारा. तिने त्याला आत घेतलं, किटलीतला चहा दिला. संपलं.

काकू उठल्या. "चहा घेऊनच जा."

मी चहा सोडलाय, हे त्यांना माहीत आहे. बसलो.